बेंटो डब्यातलं सँडविच दुपारपर्यंत कसं टिकवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कप्प्यांचा बेंटो डबा घरात आला की पोळीभाजीच्या जोडीला सँडविचची फर्माईश सुरू होते. सकाळी साडेसहाला भरलेला हा डबा शाळेच्या मधल्या सुट्टीत किंवा ऑफिसात दीड वाजता उघडतो. गाडीवरचं सँडविच पाच मिनिटांत पोटात जातं, त्यामुळे त्याचे नियम इथे फारसे कामाला येत नाहीत. खालची बहुतेक उत्तरं आपल्या चटणी सँडविचला धरून आहेत. जपानी घरांत बेंटो भरण्याच्या काही पद्धती फार उपयोगी आहेत, त्याही जागोजागी घेतल्या आहेत.

काकडी-टोमॅटो नीट पुसून घातले, तरी ब्रेडचा लगदा का झाला?

पुसल्याने वरचं पाणी जातं. काकडीच्या आत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं आणि टोमॅटोतही जवळपास तितकंच. त्यावर मीठ किंवा चाट मसाला पडला की ते सुटायला लागतं, आणि शेजारी ब्रेड ते प्यायला तयारच असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे पाणी आधीच काढून टाकायचं. काकडीचे काप ताटलीत पसरून चिमूटभर मीठ भुरभुरवा आणि पंधरा मिनिटं थांबा. ताटलीत पाणी साचलेलं दिसेल. काप हलक्या हाताने दाबा, कोरड्या पंचावर पसरून टिपा आणि मग सँडविचमध्ये घाला. काकडी थोडी लवचीक होते, पण दुपारीही दाताखाली कुरकुरते. दुसरा उपाय म्हणजे सँडविचमध्ये वरून मीठ-मसाला अजिबात घालायचा नाही. चाट मसाल्याची छोटी पुडी वेगळी द्यायची. मोठ्यांच्या डब्याला हे चालतं. शाळेतली मुलं पुडी उघडतात ती निम्मी दप्तरात.

पाण्याचा दुसरा उगम वाफ आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. बटाटा कोमट असताना भरला, ब्रेड गरम असताना रचला आणि वर झाकण दाबलं, की वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन खाली उतरते. जपानात बेंटो भरताना भात असो की आमलेट, प्रत्येक पदार्थ पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही हा पहिला धडा असतो. घाईच्या सकाळी लोक चक्क पंख्याने वारा घालून पदार्थ निववतात. आपल्याकडे छताचा पंखा आहेच. पसरट ताटात बटाट्याच्या चकत्या मांडा, अंघोळ उरकून येईपर्यंत त्या गार झालेल्या असतात.

लोणी लावायलाच हवं का?

हो, आणि तेही दोन्ही स्लाइसना, अगदी कडेपर्यंत. चव हे त्याचं निम्मंच काम आहे. बाजारातल्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि हा थर भाजीतलं पाणी ब्रेडपर्यंत सहज पोचू देत नाही. मधोमध एक फराटा मारून कडा कोऱ्या ठेवल्या तर पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

लोणी रात्रीच फ्रीजबाहेर काढून ठेवा. घट्ट लोणी पसरवायला गेलं की ताज्या ब्रेडला भोकं पडतात. घरचं पांढरं लोणी चवीला उत्तम, पण त्यात ताक उरलेलं असतं. डब्यासाठी वापरायचं असेल तर गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, दाबून पाणी काढून मगच वापरा. ‘लाइट’ म्हणून मिळणाऱ्या स्प्रेडमध्ये स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त असतं. डायटसाठी ते ठीक, या कामाला नाही.

दूध-दुभतं चालत नसेल तर पीनट बटर किंवा शेंगदाण्याचं घट्टसर वाटण हाच थर देतं.

हिरवी चटणी कशी करावी म्हणजे ती सुटणार नाही आणि काळीही पडणार नाही?

सँडविच टिकणार की नाही, हे माझ्या मते सर्वांत जास्त चटणीवर ठरतं.

दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, अर्धी वाटी पुदिना, तीन-चार मिरच्या, इंचभर आलं, जिरं, मीठ, चिमूटभर साखर आणि दोन मोठे चमचे डाळं घ्या. कोथिंबीर धुऊन कोरडी करणं फार महत्त्वाचं आहे, कारण चटणीतलं निम्मं नको असलेलं पाणी पानांवरूनच येतं. मिक्सरमध्ये पाण्याऐवजी बर्फाचा एखादा खडा टाका. पातं फिरून तापतं, त्या उष्णतेने रंग जातो. बर्फाने तो राहतो आणि वाटायला लागेल इतपत ओलही मिळते. लिंबू सगळ्यांत शेवटी आणि बेताने घाला. आंबटामुळे पानांतलं हरितद्रव्य हळूहळू मळकट शेवाळी रंगावर जातं. दुपारी चटणी थोडी फिकी दिसली म्हणजे बिघडली असं नाही.

आता तपासणी. एक चमचा चटणी कोरड्या बशीत ठेवून पाच मिनिटं विसरून जा. भोवती हिरव्या पाण्याचं कडं दिसलं तर आणखी चमचाभर डाळं किंवा थोडी बारीक शेव वाटून मिसळा. कडं दिसेनासं झालं की चटणी डब्याला लायक. गाडीवर पळीने ओततात तशी पातळ चटणी डब्यात चालायची नाही.

ओला नारळ मात्र घालू नका. मार्चनंतर खवलेलं खोबरं दुपारपर्यंत विटतं आणि आंबूस वास मारायला लागतं. खोबऱ्याशिवाय चटणी नकोच, असा घरात आग्रह असेल तर सुकं खोबरं भाजून घ्या.

ब्रेड कुठला घ्यावा? आणि फ्रीजमध्ये ठेवावा का?

त्याच दिवशीचा ताजा ब्रेड खायला छान, पण डब्याला फार मऊ. आदल्या दिवशीचा ब्रेड नीट कापला जातो आणि सारणाचा भार पेलतो.

जपानात ब्रेडच्या पाकिटावर एका लादीचे किती काप केलेत तो आकडा असतो. चार-पाच-सहा कापांचे जाड स्लाइस टोस्टला, आठ किंवा त्याहून जास्त कापांचे पातळ स्लाइस सँडविचला. आपल्याकडे अशी निवड क्वचितच मिळते. बेकरीवाला समोर कापून देत असेल तर साधारण सव्वा ते दीड सेंटीमीटर जाडीचे काप मागा.

‘ब्राऊन ब्रेड’ घेताना घटकांची यादी वाचा. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग असेल, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच आहे.

गोव्यात राहणाऱ्यांना एक सोय आहे, ती म्हणजे पोदेराकडची, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडची पोई. कोंड्याची, आतून पोकळ आणि जरा चिवट. एका बाजूने चीर दिली की खिसा होतो आणि सारण तीन बाजूंनी बंद राहतं. बेंटो डब्यात पोई अर्धी करून, कापलेलं तोंड वर ठेवून उभी करा. लादी पावाचंही तसंच. तो आरपार कापू नका, वडापावासारखी एक बाजू जोडलेली ठेवा.

फ्रीजबद्दल सांगायचं तर ब्रेड सर्वांत लवकर फ्रीजच्याच तापमानाला शिळवटतो. स्टार्चची रचना तिथे झपाट्याने बदलते आणि ब्रेड कोरडा, भुसभुशीत लागायला लागतो. एक-दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर ठेवा. नाहीतर थेट फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी लागतील तेवढे स्लाइस काढा, दहा-पंधरा मिनिटांत ते मऊ होतात. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत बाहेरच्या ब्रेडवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते, तेव्हा फ्रीझर हाच पर्याय उरतो.

टोमॅटो घालायचा की नाही?

सँडविचमध्ये घालू नका, शेजारी ठेवा. कप्प्यांच्या डब्याचा खरा उपयोग इथेच आहे. छोटे चेरी टोमॅटो अख्खेच एका कप्प्यात जातात. जपानात त्यांचं देठ काढून, मग धुऊन, पुसून भरायला सांगतात, कारण देठाच्या खोबणीत जंतू आणि ओल दोन्ही राहतात.

मूल ऐकतच नसेल तर लांबट, घट्ट टोमॅटो घ्या, बिया आणि गर काढून नुसत्या भिंतीच्या चकत्या करा आणि त्या दोन चीज स्लाइसच्या मध्ये ठेवा. ब्रेडला त्यांचा स्पर्श होता कामा नये.

थरांचा क्रम काय असावा?

ब्रेड, लोणी, चटणी, बटाटा, मग काकडी किंवा बीट, वर चीज, लोणी, ब्रेड. ओली वस्तू नेहमी मधोमध. बीट उकडून, कापून, टिपून घ्या, नाहीतर सगळं सँडविच गुलाबी होतं. काही मुलांना तेच आवडतं ही गोष्ट वेगळी.

कच्चा कांदा बंद डब्यात सहा तास ठेवू नका. वर्गात डबा उघडणाऱ्याची पंचाईत होते.

कापताना सारण बाहेर येतं आणि डबा उघडल्यावर सगळं विस्कटलेलं असतं. काय करावं?

रचल्या रचल्या कापू नका. सँडविच बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा, वर पोळपाट किंवा जड ताटली ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. थर एकमेकांना धरतात. कापायला दातेरी सुरी घ्या, खाली न दाबता पुढे-मागे चालवा आणि प्रत्येक कापानंतर पातं पुसा. न पुसलेली सुरी पांढऱ्या ब्रेडवर चटणीचे ओघळ काढते. कागदासकट कापलं तर आणखी बरं, तुकडे कागदातच उभे राहतात. फक्त गुंडाळल्यावर काप कुठून जाणार याची पेनाने बाहेरून खूण करा. जपानात भरपूर भाज्या कोंबलेली जाडजूड सँडविचं अशीच कागदासकट कापतात, म्हणजे आतले रंगीत थर नीट दिसतात.

मग प्रश्न मापाचा. लहान मुलांच्या बऱ्याच बेंटो डब्यांची आतली खोली चार-पाच सेंटीमीटरच असते आणि आपला स्लाइस दहा-अकरा सेंटीमीटरचा. आडवं सँडविच त्यात मावलं तरी वरून दाबलं जातं. त्यापेक्षा पट्टीने डब्याची खोली मोजा, तुकड्यांची उंची त्याहून किंचित कमी ठेवा आणि कापलेली बाजू वर करून तुकडे उभे लावा. साधारण एका सँडविचच्या तीन पट्ट्या होतात. त्रिकोण दिसायला छान, पण चौकोनी कप्प्यात कोपरे रिकामे राहतात आणि तिथूनच घसरण सुरू होते.

रिकामी जागा ठेवायची नाही हा बेंटोचा दुसरा धडा. सँडविचच्या कडेला काकडीच्या सळया, चीजचा तुकडा, दोन-चार द्राक्षं, उकडलेले मक्याचे दाणे सिलिकॉनच्या वाटीत, असं काहीतरी खोचा. भरून झाल्यावर झाकण लावा आणि डबा हळूच उभा करा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर अजून जागा आहे. दप्तर शाळेत कसं आपटलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

छोट्या तुकड्यांचं आणखी एक कारण तोक्योतून सांगता येईल. उएनो भागातल्या ‘इसेन’ या तोनकात्सूच्या हॉटेलात १९३५ साली कात्सू सांदो, म्हणजे तळलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच, सुरू झालं असं तिथे सांगतात. आसपासच्या गेशांना, म्हणजे नाचगाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करणाऱ्या स्त्रियांना, ओठांचा रंग न बिघडवता खाता यावं म्हणून ते लहान तुकड्यांत दिलं जाई. एका घासाचा तुकडा अर्धवट चावून परत डब्यात पडत नाही. शाळेतल्या मुलांसाठी याहून मोठी सोय नाही.

अंडं, चिकन, मेयोनीज यांचं सँडविच डब्यात देणं सुरक्षित आहे का?

गारव्याची सोय असेल तर द्या, नसेल तर देऊ नका. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतू भराभर वाढण्याचा टप्पा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की नाशवंत शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूर-चंद्रपूरचा एप्रिल सोडाच, पुण्यातली मार्चमधली दुपारही ३२ च्या पुढे असते.

बर्फाची पाकिटं मिळतात ती रात्री फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी डब्याच्या झाकणावर ठेवून दोन्ही जाड अस्तराच्या पिशवीत घाला. पाकीट वरच असू द्या, कारण गार हवा खाली उतरते. जपानात जूनच्या पावसाळी, दमट दिवसांत बेंटोवर असंच पाकीट बांधून देतात. स्टीलचा डबा उन्हात लवकर तापतो, पण बर्फाच्या पाकिटाने तितक्याच लवकर गारही होतो.

घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज करून डब्यात देणं पूर्ण टाळा. विषबाधेच्या घटनांनंतर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती. बाटलीतलं मेयोनीज आंबटपणामुळे बाटलीत टिकतं. ते उकडलेल्या अंड्यात किंवा चिकनमध्ये कालवलं की तो आंबटपणा विरळ होतो आणि मिश्रण साध्या शिजलेल्या अन्नाइतकंच नाजूक राहतं.

हातांचंही बघा. माणसाच्या त्वचेवर आणि जखमांत असणारा स्टॅफिलोकॉकस अन्नात वाढला की जे विष सोडतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही. बोटाला कापलं असेल तर त्या दिवशी सारण चमच्याने भरा.

बर्फाशिवाय काय चालेल? चटणी-लोणी-चीज, पीनट बटर-जॅम, लोणी आणि लसणाची कोरडी चटणी. उकडलेला बटाटा थंडीत चालतो, पण तो त्याच सकाळी उकडलेला आणि पूर्ण गार केलेला हवा. उन्हाळ्यात त्यालाही गारव्याच्या यादीत घाला.

जपानी पद्धतीचं अंड्याचं सँडविच करायचं असेल तर?

अंडी दहा-बारा मिनिटं उकडा, गार पाण्यात टाका, सोला आणि पुसा. सोललेल्या अंड्यावर राहिलेलं पाणी सारणात उतरतं. पिवळं आधी मेयोनीज, मीठ, मिरपूड घालून कालवा आणि पांढरं बारीक चिरून नंतर मिसळा. एका अंड्याला एक मोठा चमचा मेयोनीज पुरे. जपानी मेयोनीजमध्ये बहुधा नुसता पिवळा बलक असतो, म्हणून ते जास्त दाट लागतं. आपल्याकडच्या मेयोनीजमध्ये चिमूटभर मोहरीपूड घातली तर चव जवळ जाते. बर्फाचं पाकीट हवंच.

मेयोनीजऐवजी चक्का चालेल का?

उत्तम. दही रात्रभर पंचात टांगून ठेवा. चक्का चमच्याला चिकटून राहील इतका घट्ट हवा. त्यात किसून पिळलेलं गाजर, बारीक चिरलेली सिमला मिरची आणि मिरपूड घाला. मीठ अगदी भरताना घाला. दिवस गरम असेल तर तो आंबट होत जातो, तेव्हा पाकीट विसरू नका. काही घरांत उरलेलं श्रीखंडच स्लाइसमध्ये भरतात. फळं आणि क्रीमच्या जपानी सँडविचचं ते मराठी भावंड म्हणावं. पण ते फ्रीजपासून ताटापर्यंतच्या प्रवासाचं, डब्याचं नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि क्रीम घातलेलं सँडविचही तसंच.

रात्रीच करून ठेवलं तर?

काकडी-बटाट्याचं नको. तयारी मात्र रात्री करा: चटणी वाटलेली, चीज किसलेलं, गाजर कापलेलं, लोणी बाहेर. सकाळी रचायला पाच-सात मिनिटं लागतात.

चटणी-लोणी-चीज किंवा पीनट बटरचं सँडविच थेट गोठवता येतं. घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी तसंच डब्यात टाका. जेवणाच्या वेळेपर्यंत ते सुटं होतं आणि तोवर शेजारच्या फळांनाही गार ठेवतं. काकडी, टोमॅटो, मेयोनीज आणि उकडलेल्या अंड्याचं पांढरं गोठवू नका. पहिली दोन लिबलिबीत होतात, मेयोनीज फाटतं आणि पांढरं रबरासारखं होतं.

टोस्ट किंवा ग्रिल केलेलं डब्यात द्यावं का?

गॅसवरच्या टोस्टरमधलं खमंग सँडविच दुपारी चिवट होतं, त्याचा अट्टहास करू नये. त्यापेक्षा स्लाइस तव्यावर एकाच बाजूने कोरडे भाजा, जाळीवर गार करा आणि भाजलेली बाजू आत ठेवून सँडविच रचा. कोरडा थर सारणाला लागतो, बाहेरची बाजू मऊ राहते.

गुंडाळायला काय वापरावं? वर्तमानपत्र चालतं का?

वर्तमानपत्र नाही. छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात, म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अन्न गुंडाळायला त्याचा वापर करू नका असं बजावलं आहे. बटर पेपर सर्वांत चांगला. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गरम वस्तू घामेजते, शिवाय लिंबू असलेली चटणी तिला लागून राहिली तर फॉइलला बारीक भोकं पडू शकतात. धुतलेला, पूर्ण वाळलेला सुती रुमालही चालतो.

डबेवाल्याकडे बेंटो डबा देता येईल का?

आधी त्यांना विचारा. त्यांची सगळी रचना कडीच्या, उभ्या डब्यांना धरून आहे. चपटा डबा पिशवीत आडवा राहीलच असं नाही. शिवाय डबा सकाळी लवकर उचलला जातो आणि लोकलच्या गर्दीतून दुपारी पोचतो, म्हणून या वाटेने फक्त बर्फाशिवाय टिकणारीच सँडविचं पाठवा.

एका सँडविचने पोट भरतं का?

दहा वर्षांच्या मुलाचं भरतं, मोठ्यांचं नाही. जपानात बेंटोसाठी ३:१:२ असं माप सांगतात: तीन भाग भात, एक भाग अंडं-मासे-मांस-डाळ, दोन भाग भाजी. सँडविचच्या डब्यात निम्म्या जागेत ब्रेड बसवा आणि उरलेल्या निम्म्यात मोड आलेल्या मुगाची कोरडी उसळ किंवा पनीर, भाजी आणि थोडं फळ. उसळ पूर्ण निवलेली आणि कोरडी हवी, आणि उन्हाळ्यात पनीर-उसळीलाही गारवा हवाच. चिप्सचा कप्पा ठेवलात तर ते दमट हवेत सादळतात. त्यापेक्षा कुरकुरीत चकलीचा तुकडा वेगळ्या छोट्या डबीत द्या.

डब्याच्या झाकणाला चटणीचा वास राहतो. जात का नाही?

वास बहुतेक वेळा झाकणात नसून रबराच्या रिंगमध्ये असतो. सुईच्या मागच्या टोकाने ती उचलून बाहेर काढा. खाली काळपट चिकट रेघ दिसेल. रिंग आणि खाच दोन्ही जुन्या टूथब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. रिंग सैल झाली असेल तर ती वेगळी मिळते का ते दुकानदाराला विचारा. डबा घेतानाच एखादी जास्त मागून ठेवलेली बरी.